चोवीस अश्वशक्तीला किती फुटी कटर?

कोकणातल्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, पावसाळ्याचे चार महिने गवताला कोणी हात लावत नाही, आणि ऑक्टोबरात पाऊस उघडला की तेच गवत बागायतदाराच्या बाकी सगळ्या कामांना अडवून उभे राहते. कलमांच्या बुंध्यापर्यंत जायला वाट नसते, काजूच्या ओळी दिसत नाहीत, आणि कुठे काय सरपटते आहे याचाही अंदाज येत नाही. जमिनीत अजून ओल असते, गवत फुलोऱ्यावर असते. तेव्हाच ते कापले तर आळ्यात आच्छादन म्हणून उपयोगी पडते. डिसेंबरपर्यंत तसेच राहू दिले तर वाळून कोरडे ठाक होते आणि शिमग्याच्या आधीच कुठूनतरी वणवा आला तर मोहोरासकट कलमे होरपळून निघतात. पूर्वी ही बेणणी, म्हणजे गवताची कापणी, कोयत्याने होत असे. नंतर खांद्याला अडकवायचे पेट्रोलवरचे ग्रास कटर आले, आणि अलीकडे ज्यांच्या बागा सपाट सड्यावर आहेत त्यांच्याकडे मिनी ट्रॅक्टर व त्याच्या मागे चालणारे रोटरी कटर दिसू लागले आहेत. दुकानात त्याला कोणी स्लॅशर म्हणते, कोणी ट्रॅक्टरचा ग्रास कटर. माझ्याकडे ते बरीच वर्षे आहे, आणि त्याच्या मापाविषयी सविस्तर लिहावे असे मनात होते.

यंत्र साधे आहे. जाड पत्र्याची वरून झाकलेली चौकट, तिच्या मधोमध गिअरबॉक्स, खाली आडवी फिरणारी दणकट पट्टी किंवा थाळी, आणि तिच्या दोन टोकांना पिनेवर सैल बसवलेली दोन पाती. ट्रॅक्टरच्या पीटीओचे, म्हणजे अवजार फिरवण्यासाठी मागे असलेल्या दांड्याचे, मिनिटाला ५४० फेरे शाफ्टमधून गिअरबॉक्सपर्यंत येतात, तिथे काटकोनात वळतात आणि त्यांचा वेग वाढतो. पात्यांना फार धार नसते आणि ती लागतही नाही. गवत तुटते ते वेगाने. चार फुटी कटरच्या पात्याचे टोक एका फेऱ्यात जवळजवळ पावणेचार मीटर अंतर तोडते, म्हणजे मिनिटाला ९०० फेरे धरले तर त्या टोकाचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या घरात जातो. दगड लागला तर पाते पिनेवर मागे वळते आणि पुन्हा बाहेर येते. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात सेल्मा या गावी १९५१ साली अशा यंत्राचे उत्पादन सुरू झाले, आणि तिकडे ते रुंद, मोकळ्या कुरणांत चालते. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण मापाचे जे ठोकताळे आज आपल्याकडे सांगितले जातात त्यांच्या मागे तीच सपाट कुरणे आहेत.

आमच्या शेजारच्या वाडीतल्या एका तरुणाने गेल्या वर्षी चोवीस अश्वशक्तीचा, चारही चाके ओढणारा मिनी ट्रॅक्टर घेतला. कटर घ्यायची वेळ आली तेव्हा तो घरी आला आणि म्हणाला, “काकू, दुकानदार म्हणतो पाच फुटी बिनधास्त घ्या, ट्रॅक्टर सहज फिरवेल. मग तुम्ही चार फुटीच का ठेवलात?” त्याचा प्रश्न अगदी रास्त होता. पाच फुटी घेतला तर फेऱ्या कमी, डिझेल कमी, काम लवकर, असा हिशोब कोणीही करील. शिवाय अनुदानाच्या यादीतही अवजारांचे गट ट्रॅक्टरच्या अश्वशक्तीनुसार पाडलेले असतात, त्यामुळे अश्वशक्ती सांगितली की माप ठरले अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. माझे मत वेगळे आहे. विचाराची सुरुवात अश्वशक्तीपासून करावी, पण रुंदी ठरवावी ती आपल्या बागेतल्या सर्वांत अवघड जागेवरून. कारण सोप्या जागेत कोणतेही कटर चालते.

आधी अश्वशक्तीचेच पाहू. बॉनेटवर लिहिलेला आकडा इंजिनाचा असतो आणि कटरला मिळते ती पीटीओवरची ताकद. मधल्या गिअरांत, पंपात आणि बाकीच्या घर्षणात दहा-पंधरा टक्के जातात, म्हणजे चोवीसचे वीस-एकवीस उरतात. त्याही इंजिन पीटीओसाठी ठरवून दिलेल्या फेऱ्यांवर चालत असेल तेव्हाच. डिझेल वाचवायला थ्रॉटल कमी ठेवून कटर चालवणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या पात्यांचा वेगही कमी आणि हाती येणारी ताकदही कमी, त्यामुळे गवत तुटण्याऐवजी ओढले जाते व वाकून पडते. हलक्या बांधणीच्या कटरसाठी दर फुटाला पीटीओवरची साधारण पाच अश्वशक्ती धरावी, हा ठोकताळा मला अनुभवाने बरोबर वाटतो. नुसते पातळ गवत असेल तर तीन-चारातही भागते. रानमोडीची झुडपे, घाणेरीची जाळी, बोटाएवढी जाड खोडे असतील तर पाचसुद्धा अपुरी पडते. या हिशोबाने वीस अश्वशक्तीला चार फूट बसतात. पाच फूट बसत नाहीत असे नाही, पण ते सड्यावरच्या विरळ, गुडघ्याएवढ्या गवतात. घळीच्या काठाला, जिथे ओल जास्त टिकते आणि गवत छातीएवढे होते, तिथे तोच पाच फुटी कटर इंजिनाचा दम काढतो.

इथे मी त्या मुलाला कागदावर हिशोब मांडून दाखवला. चार फूट म्हणजे १.२२ मीटर. दोन पट्ट्यांच्या मध्ये गवताची शेंडी राहू नये म्हणून प्रत्येक फेरीत सहा-सात इंच तरी मागच्या पट्ट्यावर चढवावे लागते, तेव्हा हाती येणारी रुंदी साधारण १.०५ मीटर. ताशी तीन किलोमीटर वेगाने गेलो आणि वळणे, थांबणे, झाडाला वळसा घालणे यांत तीस टक्के वेळ गेला असे धरले, तर तासाला २,२०० चौरस मीटर होतात आणि एकराला एक तास पन्नास मिनिटे लागतात. पाच फुटीची कामाची रुंदी १.३५ मीटर धरली तर त्याच वेगाने एकर एक तास पंचवीस मिनिटांत होते. एकरामागे पंचवीस मिनिटे वाचली. आता दाट गवतात इंजिन बसू लागल्यामुळे पाच फुटीला ताशी दोन किलोमीटरवर यावे लागले असे समजा. मग त्याच एकराला दोन तासांहून आठ-दहा मिनिटे जास्तच लागतात. रुंद कटर अरुंदापेक्षा मागे पडला, आणि तोही इंजिनाला पूर्ण वेळ दमवून. वेगाऐवजी अर्धीच रुंदी गवतात घालून चालवणारेही असतात. मग पाच फुटांचे पैसे देऊन अडीच फुटांचे काम घेतल्यासारखे होते. आमच्याकडे निम्म्याहून जास्त बाग दाट गवताची आहे, त्यामुळे हा हिशोब मला केवळ कागदावरचा वाटत नाही.

अश्वशक्तीचा विषय एवढ्यावर सोडते, कारण माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट वजनाची आहे आणि तिच्याविषयी दुकानात कोणी अवाक्षर काढत नाही. माहितीपत्रकात हायड्रॉलिक लिफ्टची क्षमता साडेसातशे किलो लिहिलेली असते आणि कटर अडीचशे किलोचा असतो. तेव्हा उचलण्याची अडचण नाही असे वाटते. पण ती क्षमता खालच्या दोन हातांच्या टोकाशी मोजलेली असते. कटरचे वजन त्या टोकापाशी नसते, ते आणखी दोन-अडीच फूट मागे असते, आणि जितका कटर रुंद तितका तो लांबही असतो, कारण पाती गोल फिरतात. म्हणजे रुंदी एक फूट वाढली की लांबीही जवळपास तेवढीच वाढते, आणि वजन तर वाढतेच. ते वाढलेले वजन आणखी मागे जाऊन बसते. लिफ्ट ते उचलते. प्रश्न ते उचलल्यावर पुढच्या चाकांचे काय होते हा आहे.

साडेआठशे किलोचा ट्रॅक्टर घ्या. त्याच्या पुढच्या चाकांवर ३४० किलो आहेत आणि दोन्ही आसांमधले अंतर दीड मीटर आहे असे समजा. पाच फुटी कटर २५० किलोचा आणि त्याचा भार मागच्या आसापासून १.६ मीटर मागे. तो उचलला की पुढच्या आसावरून सुमारे २६७ किलो उठतात आणि तिथे जेमतेम ७३ उरतात. एकूण अकराशे किलोंचे ते सात टक्केही होत नाहीत, आणि स्टिअरिंग हातात राहावे यासाठी निदान वीस टक्के भार पुढे असावा असे मानले जाते. सपाट जागेत ७३ किलोंवर ट्रॅक्टर कसाबसा वळतो. चढावर, किंवा मागचे चाक खड्ड्यात गेले आणि क्लच जरा झटक्याने सुटला तर, पुढची चाके हवेत जातात. आता चार फुटी कटर १८० किलोंचा आणि १.४ मीटर मागे धरा. पुढून १६८ किलो जातात, १७२ उरतात, म्हणजे सतरा टक्क्यांच्या जवळ. बंपरवर वीस-वीस किलोंच्या तीन पट्ट्या लावल्या, आणि त्या पुढच्या आसाच्या अर्धा मीटर पुढे असल्या, तर हा आकडा तेवीस टक्क्यांवर जातो. त्याच पट्ट्या पाच फुटीला लावल्या तरी तेरा टक्क्यांच्या वर जात नाही. प्रत्येक ट्रॅक्टरचे आकडे निराळे असतील, पण गणित असेच करायचे, आणि त्यासाठी लागणाऱ्या गोष्टी एक मोजपट्टी आणि माहितीपत्रक एवढ्याच आहेत. ट्रॅक्टर मागे उलटला तर चालकाला उडी मारायलाही वेळ मिळत नाही. त्यामुळे कोणी मला फक्त एकच गोष्ट तपासायला सांगितली तर मी हीच तपासीन.

काम करताना मात्र कटर लिफ्टवर लटकत नाही. तो मागच्या लहान चाकावर टेकून चालतो आणि वरची टॉप लिंक थोडी सैल असावी लागते, म्हणजे जमिनीच्या चढउताराबरोबर कटरचे मागचे अंग स्वतंत्रपणे वरखाली होऊ शकते. पुढची कड मागच्यापेक्षा इंच-दीड इंच खाली ठेवावी. तसे केले की गवत एकदाच कापले जाते, तुटलेले गवत पुन्हा पुन्हा पात्याखाली येत नाही आणि इंजिनावर ओझे कमी पडते. ही जुळणी दोन्ही मापांत सारखीच आहे. फरक पडतो तो जमिनीच्या उंचसखलपणामुळे. सडा लांबून सपाट दिसतो, जवळ गेले की कातळाचे उंचवटे, भाताच्या जुन्या दळ्यांच्या मेरा म्हणजे बांध, कलमांसाठी काढलेले खड्डे आणि त्यातून निघालेल्या दगडांचे ढीग दिसतात. रुंद कटर एका उंचवट्यावरून दुसऱ्यावर टेकत जातो. मधल्या खोलगट भागात गवत लांब राहते आणि उंचवट्यावर पाते थेट मातीत घुसते. अरुंद कटर जमिनीच्या जास्त जवळून चालतो. तीन-चार इंच गवत मागे ठेवावे, म्हणजे मातीही धरून राहते आणि पातीही वाचतात. पण अशा जमिनीत ती उंची सगळीकडे सारखी मिळणे चार फुटांत शक्य होते, पाचांत कठीण जाते.

रुंदी फार कमी करूनही चालत नाही, आणि त्याची खालची मर्यादा ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांनी घातलेली असते. एका टायरच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजावे, आणि कटर त्याहून थोडा तरी रुंद असावा. नाहीतर चाक गवत दाबून पुढे जाते, दाबलेले गवत कटरच्या बाहेर राहते आणि दुसऱ्या दिवशी उभे राहून चालकाकडे पाहते. साडेतीन फुटी कटर स्वस्त पडतो म्हणून घेणाऱ्यांची हीच अडचण होते. बहुतेक मिनी ट्रॅक्टरांच्या मागच्या चाकांतले अंतर रिमा उलटून कमीजास्त करता येते. मात्र चाके आत घेतली की ट्रॅक्टर कडेला कलंडण्याचा धोका वाढतो, म्हणून उताराच्या बागेत कटरसाठी चाके अरुंद करू नयेत असे माझे ठाम मत आहे. ज्यांना फांद्यांखालचे गवत काढायचे आहे त्यांनी बाजूला सरकवता येणारा, म्हणजे ऑफसेट कटर बघावा. जुन्या हापूसच्या फांद्या जमिनीकडे झुकलेल्या असतात. ट्रॅक्टर बाहेरून जातो आणि कटरची एक बाजू फांदीखाली शिरते. पण सरकवलेले वजनही एका अंगाला जाते, म्हणून अशा कटरमध्ये तर हलका आणि अरुंद घेण्याचेच कारण वाढते.

घाटावरच्या मंडळींना माझे हे लिहिणे थोडे परके वाटेल याची मला जाणीव आहे. नाशिककडे द्राक्षाच्या दोन ओळींत आठ-नऊ फूट अंतर असते, मधे बोद, ठिबकच्या नळ्या आणि मांडवाचे अँगल असतात, आणि तिथे ट्रॅक्टरच्या दोन्ही बाजूंना किती जागा सुटते यावरच माप ठरते. जमीन बहुतेक एकसारखी, त्यामुळे मोजमाप सरळ. तिकडे छाटणीच्या काड्यांचा बारीक चुरा करायला मल्चर वापरतात. मल्चरमध्ये आडव्या रोटरवर पुष्कळ लहान पाती असतात आणि त्याला त्याच रुंदीच्या कटरपेक्षा जास्त ताकद लागते. रोटाव्हेटर मातीत फिरतो, त्याचे गणित आणखी वेगळे. म्हणून रोटाव्हेटर चार फुटी चालतो तर कटरही चार फुटी चालेल, किंवा कटर पाच फुटी चालतो तर मल्चरही चालेल, अशी एका अवजारावरून दुसऱ्याची रुंदी काढू नये.

आता जांभ्याच्या दगडाविषयी. आमच्या सड्यावर गवताखाली दगड असतोच. मोकळा असतो तसा जमिनीत रोवलेलाही असतो. मोकळा दगड पात्याला लागला तर गोळीसारखा बाहेर फेकला जातो. म्हणून कटरच्या पुढे आणि मागे साखळ्यांची झालर हवीच, आणि काम चालू असताना शंभर मीटरांत कोणी माणूस, जनावर किंवा मूल नसावे. रोवलेला दगड लागला तर पाते मागे वळते, पण पाते ज्या पट्टीला बसवलेले असते तीच आदळली तर सगळा धक्का गिअरबॉक्सला जातो. तिथे गोल, खोलगट थाळी असलेला कटर बरा, कारण थाळी दगडावरून घसरून वर चढते. शाफ्टला एक शिअर बोल्ट असतो; धक्का जास्त झाला की तो तुटावा आणि बाकी सगळे वाचावे अशी त्याची योजना असते. तो वारंवार तुटतो म्हणून काही जण तिथे कडक, हाय टेन्साइल बोल्ट घालतात. मग बोल्ट तुटत नाही, गिअरबॉक्सचे दात तुटतात. बोल्ट वारंवार तुटत असेल तर कटर मोठा आहे, उंची कमी आहे किंवा वेग जास्त आहे, यांपैकी काहीतरी एक खरे असते. ते शोधावे. मोठ्या कटरमध्ये पाती जड, त्यामुळे प्रत्येक धक्काही मोठा. लहान ट्रॅक्टरच्या पीटीओला तो झेपणे कठीण जाते.

जड पात्यांचा आणखी एक परिणाम असा, की ती लगेच थांबत नाहीत. बऱ्याच मिनी ट्रॅक्टरांना एकच क्लच असतो. तो दाबला की चाके आणि पीटीओ दोन्ही इंजिनापासून सुटतात, पण एकमेकांपासून सुटतीलच असे नाही. अशा वेळी फिरणाऱ्या पात्यांचा जोर शाफ्टमधून उलटा गिअरबॉक्समध्ये येतो आणि क्लच दाबलेला असतानाही ट्रॅक्टरला पुढे ढकलतो. समोर दगडांचा गडगा असेल, कलम असेल किंवा टप्प्याची कड असेल, तर ते ढकलणे जिवावर बेतू शकते. रोटाव्हेटर वापरलेल्या माणसाला याची सवय नसते, कारण तिथे माती पात्यांना थांबवते. यावर उपाय आहे आणि तो महागही नाही: शाफ्ट आणि पीटीओ यांच्यामध्ये एकाच दिशेने जोर जाऊ देणारा वन-वे क्लच बसवायचा. कटर घेताना माझ्या यादीत मापाच्या लगोलग त्याचा क्रमांक लागतो. तो बसवला की शाफ्टची लांबी मात्र पुन्हा मोजावी लागते. मिनी ट्रॅक्टरच्या पीटीओपासून कटरच्या गिअरबॉक्सपर्यंत अंतर थोडे असते, आणि मोठ्या ट्रॅक्टरसाठी बनवलेला शाफ्ट तसाच लावला तर कटर उचलताना त्याच्या दोन नळ्या पूर्ण आत जाऊन टेकतात आणि पीटीओचे घर फुटते. कटर वर, खाली आणि मध्ये ठेवून अंतर मोजावे, मग नळी कापावी. कामाच्या स्थितीत एका नळीचा निदान एक तृतीयांश भाग दुसरीत असला पाहिजे. शाफ्टवरचे प्लास्टिकचे आवरण काढून टाकण्याची पद्धत सर्रास आहे, आणि ती पाहिली की मला फार वाईट वाटते. ओढणी, गमछा, साडीचा पदर, रेनकोटची नाडी, यांपैकी काहीही त्या उघड्या शाफ्टला एकदा लागले तर माणसाला मागे खेचायला सेकंदभरही मिळत नाही. तसे व्हायला नको, पण आमच्याकडे बागेत बायका गवत ओढायला ट्रॅक्टरच्या मागेच असतात, त्यांच्यासाठी तरी ते आवरण जागेवर असावे.

हे सगळे ऐकून त्या मुलाने पाच फुटीचा विचार सोडला असे नाही. तो तरुण आहे, त्याच्या वडिलांची वरच्या अंगाची बाग खरोखर सपाट आहे आणि तिथे पाच फुटी सहज फिरला असता. मग आम्ही दोघे त्याच्या बागेत गेलो आणि सगळ्यांत अवघड जागा शोधली. ती खालच्या अंगाला निघाली: काजूचे टप्पे, एका बाजूला गडगा, दुसऱ्या बाजूला पुरुषभर उतार आणि टप्प्याच्या टोकाला वळायला ट्रॅक्टरच्या लांबीच्या दीडपट जागा. चार फुटी कटरही मागच्या चाकासह ट्रॅक्टरच्या मागे सहा-सात फूट बाहेर येतो. वळताना पुढचे चाक ज्या बाजूला जाते त्याच्या उलट बाजूला कटरची शेपटी झोकते, आणि त्या टप्प्यांवर उलट बाजूला गडगाच होता. पाच फुटी कटर तिथे वळलाच नसता. खरे तर चार फुटीसुद्धा सर्वांत खालच्या दोन टप्प्यांवर नेऊ नये असे मी त्याला सांगितले, आणि ते त्याला पटले. तिथली बेणणी खांद्यावरच्या ग्रास कटरनेच होईल. ट्रॅक्टर घेतला म्हणून बागेतले प्रत्येक काम ट्रॅक्टरनेच झाले पाहिजे, असा आग्रह धरण्याचे कारण नाही.

त्याच्या ट्रॅक्टरची मागची चाके बाहेरून बाहेर मोजली तर तीन फूट दहा इंच भरली, म्हणजे चार फुटी कटर दोन्ही बाजूंना एकेक इंच बाहेर येतो. थोडे कमीच आहे, पण पुरते. खोलगट थाळी, साखळ्यांच्या दोन झालरी, वन-वे क्लच आणि बंपरसाठी वजनाच्या तीन पट्ट्या, असे सगळे त्याने एकदम सांगून ठेवले. पट्ट्या नंतर घेऊ असे त्याचे वडील म्हणत होते. तिथे मात्र तो स्वतःच अडून बसला.

कटर पावसानंतर लागणार असला तरी त्याचे काम मे महिन्यातच सुरू होते. पाऊस लागण्याआधी जमीन उघडी असते आणि रोवलेला प्रत्येक दगड, प्रत्येक जुनी मेर, तारेचा प्रत्येक तुकडा दिसतो. ऑक्टोबरात त्यातले काहीही दिसत नाही. मोकळे दगड उचलून गडग्याला लावायचे, तार गोळा करायची, कारण तार पात्याच्या दांड्याभोवती गुंडाळली की गिअरबॉक्सचे ऑइल सील जाते, आणि जो दगड हलत नाही त्याच्या शेजारी बांबूची काठी रोवून तिला लाल फडके बांधायचे. त्या मुलाने काठ्या चार फुटी तोडून ठेवल्या होत्या. घळीच्या काठाचे गवत त्याहून उंच होते, म्हणून तिथल्या तरी सहा फुटी तोडायला मी त्याला सांगितले.